बैलाच्या कानातला अर्ज

ज्यांनी इंग्लंडातलं मिल्टन कीन्स हे गाव आखलं त्यांच्याकडे बहुधा दोनच वस्तू होत्या, एक पट्टी आणि एक बांगडी. पट्टीने सरळ रस्ते आखले आणि जिथे दोन रस्ते भेटले तिथे बांगडी ठेवून गोल काढला. त्या गोलाला राउंडअबाउट म्हणतात. गावात सिग्नल शोधावा लागतो, राउंडअबाउट मात्र आपणहून समोर येतात. या गावात मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तीनदा नापास झाले होते आणि तिन्ही वेळा कुठल्या ना कुठल्या बांगडीतच.

पहिल्यांदा मी आत शिरायला इतका वेळ लावला की मागच्या गाडीतले आजोबा उतरून माझी तब्येत बरी आहे ना, हे विचारून गेले. दुसऱ्यांदा मी अजिबात वेळ लावला नाही. तिसऱ्यांदा परीक्षक म्हणाला, तुम्ही त्या सायकलवाल्याच्या फार जवळून गेलात. मी म्हणाले, तोच माझ्या जवळून गेला. त्यावर त्याने शांतपणे पेनाला टोपण लावलं आणि मी काय ते समजले.

मी नागपूरची. गाय, सायकलरिक्षा, लग्नाची वरात आणि नगरसेवकाची जीप एकाच वेळी समोरून आली तरी मी भोंगा वाजवून मधून वाट काढायचे. पण भारतातलं लायसन्स इथे पहिलं वर्षच चालतं, आणि ते वर्ष मी थंडीला शिव्या देण्यात घालवलं. नंतर आमची गाडी नवरा चालवायचा आणि मी शेजारी बसून त्याच्या चुका काढायचे. चुका काढण्याची परीक्षा असती तर मी पहिल्याच फटक्यात पास झाले असते.

इतके दिवस चालून गेलं. मग आमच्या कंपनीने मिल्टन कीन्सचं ऑफिस बंद करायचं ठरवलं. ज्यांना ठेवायचं होतं त्यांनी ब्रॅकनेलच्या मुख्य ऑफिसच्या हाताखाली काम करायचं, डिकीत यंत्रं टाकून गिऱ्हाइकांच्या ऑफिसांत जायचं, आज इथे तर उद्या तिथे. म्हणजे लायसन्स हवंच. साहेबाने मला ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली आणि वर 'नो प्रेशर' म्हणाला. इंग्रज साहेब 'नो प्रेशर' म्हणाला की आपल्या मानेवर कुणाचा तरी पाय आहे असं समजावं.

तसा तो होताच. वर्क परमिट माझ्या नावावर होतं आणि ते याच कंपनीला बांधलेलं. नवरा माझ्यावर अवलंबून म्हणून इथे राहत होता, त्याची नोकरीही त्याच दोरीला. माझी नोकरी गेली की परमिट जाणार, परमिट गेलं की आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी, गाशा गुंडाळून पुण्याला, माझ्या सासरी. मला इथलं माझं काम आवडत होतं. इथे मला कुणाची तरी सून किंवा कुणाची तरी मिसेस म्हणून नव्हे, तर यंत्रांतला बिघाड शोधणारी बाई म्हणून लोक ओळखायचे. ते सगळं एका राउंडअबाउटमुळे जावं, हे मला मान्य नव्हतं.

अशात नवऱ्याला त्याच्या कंपनीने काही महिन्यांसाठी जपानला, फुकुओकाला पाठवलं. ईस्टरच्या सुट्टीत मुलीला घेऊन मी तिकडे गेले. सासूबाई पुण्याहून थेट तिथे आल्या. तिथून त्या आमच्याबरोबर इंग्लंडला येऊन सप्टेंबरपर्यंत राहणार होत्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, नवरा एकुलता एक, आणि सासूबाई पुण्यात तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. विज्ञान शाळेत, नवस घरी, अशी त्यांची सरळ विभागणी होती आणि दोन्हीकडे त्या कडक होत्या.

त्यांना ऐकू कमी यायचं. कानाचं मशीन होतं, पण सेल लवकर संपतो म्हणून ते बहुतेक वेळ रुमालात गुंडाळून पर्समध्ये असायचं. मशीन काढलं की स्वतःची कुजबुज स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून त्या कुजबुजीचा आवाज वाढवायच्या. त्यांचं गुपित हे शेजारच्या बिल्डिंगपर्यंत पोचलेलं असायचं.

फुकुओकाला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "इथे जवळच एक परीक्षेचा देव आहे. अख्ख्या जपानातली पोरं येतात."

"ड्रायव्हिंग टेस्टवाली पण?" मी विचारलं.

"परीक्षा ती परीक्षा," सासूबाई म्हणाल्या आणि ठेवणीतली साडी काढायला उठल्या.

छोट्या ट्रेनमध्ये नवऱ्याने देवाची गोष्ट सांगितली. हजारएक वर्षांपूर्वी राजाच्या दरबारात एक मोठा विद्वान होता. कविता करायचा, राज्यकारभारही बघायचा. बाकीच्या दरबाऱ्यांना ते सहन झालं नाही. त्यांनी खोटे आरोप करून त्याची बदली या टोकाला केली. इथे तो झुरून मेला. मग राजधानीवर विजा पडायला लागल्या, आरोप करणारे एकेक करून गेले, आणि दरबाराची पाचावर धारण बसली. त्यांनी त्याला मेल्यावर बढती दिली आणि देऊळ बांधलं. आधी तो विजेचा देव होता, लोकांची भीती ओसरल्यावर विद्येचा झाला.

ऑफिसच्या राजकारणात बळी गेलेला देव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला तो एकदम आपल्यातला वाटला. ब्रॅकनेलवरही एखादी वीज पडायला हरकत नाही, असंही मनात येऊन गेलं.

"म्हणजे भुताचा देव केला," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या गावी विहिरीत पडून गेलेल्या एका हेडमास्तरांना शेंदूर लावलाय. तेही परीक्षेला पावतात. गणिताला जास्त."

देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं होती आणि प्रत्येक दुकानात एकच पदार्थ भाजत होते. तांदळाच्या पिठाचं कव्हर, आत गोड पुरण. सासूबाईंनी एक खाल्लं, वेलदोडा नाही म्हणून नाव ठेवलं आणि दुसरं घेतलं. पुढे तळ्यावर तीन पूल होते. पहिला भूतकाळाचा, मधला वर्तमानाचा, तिसरा भविष्याचा. पहिल्या पुलावर मागे वळून बघायचं नाही, असं नवऱ्याने बजावलं. सासूबाई मधोमध थांबून वळल्या आणि पुरणवाल्या दुकानाकडे बघून म्हणाल्या, "सुट्टे पैसे बरोबर दिलेत का त्याने?"

मग हात धुवायची दगडी कुंडी आली. लांब दांड्याच्या पळ्या ठेवलेल्या. आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ, असा क्रम. सासूबाईंनी पळीभर पाणी तळहातावर घेतलं, डोळे मिटून प्यायल्या, ओला हात डोक्यावरून फिरवला, मग नातीच्या डोक्यावरून. शेजारी एक जपानी आजी उभी होती. तिने सभ्यपणे आभाळाकडे पाहायला सुरुवात केली.

देवासमोर नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोनदा टाळ्या वाजवायच्या, पुन्हा वाकायचं. लेकीला टाळ्या फार आवडल्या.

"आई, देवाला क्लॅप का करायचा? त्याने काय विन केलं?"

"ऑफिसमधल्या लोकांना हरवलं," मी म्हणाले.

हे सगळं मी मजेत घेत होते, हे कबूल करायला हवं. देवाधर्माशी माझं वैर नाही आणि सलोखाही नाही. पण त्या अंगणात शाळेच्या गणवेशातली पोरं इतकी मन लावून वाकत होती की मीही बोटांवर महिने मोजले. ऑगस्ट काही फार लांब नव्हता. मी टाळ्या जरा जोरातच वाजवल्या.

आणि मग सासूबाईंना बैल दिसला.

काशाचा बैल होता, पाय मुडपून बसलेला. त्या विद्वानाची शवपेटी ओढणारा बैल म्हणे इथे येऊन बसला आणि काही केल्या उठेना, म्हणून त्या विद्वानाला इथेच पुरलं. त्या बैलाच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या डोक्यावरून फिरवला की बुद्धी येते. पोरांनी हात फिरवून फिरवून त्याचं नाक लखलखीत केलेलं. पुढे रांग होती.

"नंदी!" सासूबाई म्हणाल्या. माहेरचं माणूस भेटावं तसा चेहरा उजळला.

"आई, हा नंदी नाहीये," नवरा म्हणाला. "हा वेगळा—"

"देवाच्या दारात बसलेला बैल म्हणजे नंदी. तू मला शिकवू नकोस." त्यांनी चपला काढल्या, रांगेतल्या एका मुलाच्या दप्तराशेजारी नीट ठेवल्या आणि बैलाला प्रदक्षिणा घातली. मग मागे उभं राहून त्याच्या शिंगांवर दोन बोटं ठेवली आणि मधून पाहिलं, शंकराच्या देवळात बघतात तसं. तिथून समोर पिंड दिसते. इथे थंड पेयांचं मशीन दिसत होतं. त्यांनी त्यालाही नमस्कार केला.

मला हसू आवरेना. मी नवऱ्याला कोपराने ढोसत होते. तेवढ्यात त्या वाकल्या, बैलाच्या कानाला हाताचा आडोसा केला आणि आपल्या त्या कुजबुजीत बोलायला लागल्या. मशीन पर्समध्ये होतं.

"नंदीबाप्पा, साहेबांना निरोप द्या. माझी सून परीक्षेला बसते आहे, गाडीच्या. तिला नापास करा. तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही. हातपाय धड राहू देत, गाडीलाही खरचटायला नको. फक्त नापास करा. म्हणजे नोकरी सुटेल आणि माझी नात घरी येईल. काम होईपर्यंत मी चहा सोडला."

सगळी रांग वळून बघायला लागली. एवढी भाविक बाई त्या पोरांनी पाहिली नसावी. दोन मुलींनी तर त्यांच्याबरोबर बैलाला वाकून नमस्कार केला, म्हणजे अर्जावर साक्षीदारांच्या सह्याही झाल्या. सगळ्या अंगणात मराठी कळणारी माणसं आम्ही तिघंच होतो. त्यातला नवरा चटकन एका आलुबुखाराच्या झाडाचं निरीक्षण करायला निघून गेला.

"आजी 'फेल' म्हणाली?" लेकीने विचारलं.

"हो."

"दॅट्स नॉट अलाउड."

मला इतका राग आला की कान गरम झाले. ही बाई माझ्या हातचा उपमा खाऊन माझ्याविरुद्ध परदेशी देवाकडे अर्ज करते! बरं, भांडायचीही सोय नव्हती. आपलं कुणी ऐकलेलं नाही अशा समजुतीत त्या पदर सावरत, प्रसन्न चेहऱ्याने चपला घालत होत्या.

बाजूला लाकडाच्या छोट्या पाट्या मिळत होत्या. त्यांच्यावर आपलं मागणं लिहून चौकटीला टांगायचं. मी एक घेतली आणि शुद्ध मराठीत लिहिलं: 'आज बैलामार्फत आलेला अर्ज विचारात घेऊ नये. अर्जदार बाईंचा या परीक्षेशी संबंध नाही. मला पास करावे. राउंडअबाउट सोडून बाकी सगळे येते.' आणि ती पाटी शक्य तितक्या उंच जागी टांगली, म्हणजे देवाच्या नजरेस लवकर पडेल.

"तू पण ना," नवरा परत येऊन म्हणाला.

"तू कोणाच्या बाजूने आहेस ते सांग."

"मी ट्रेन किती वाजताची आहे ते बघतो," तो म्हणाला. तो माणूस आयुष्यभर ट्रेनचं वेळापत्रक बघत आलेला आहे.

नवरा तिकडेच राहिला, आम्ही तिघी मिल्टन कीन्सला आलो. पहिल्याच सकाळी मी चहा पुढे केला तर सासूबाई म्हणाल्या, "नको गं, हल्ली ॲसिडिटी होते." हो का, म्हटलं. ज्या बाईला उठल्यावर, आंघोळीनंतर, पोस्टमन येऊन गेल्यावर आणि कुणी न आल्यावरही चहा लागायचा, तिला जपानमध्ये एका रात्रीत ॲसिडिटी झाली. मीही कमी नाही. मी रोज आलं ठेचून, गवती चहा घालून त्यांच्यासमोर बसून प्यायला लागले, आणि घोट घेतल्यावर 'आऽऽ' असंही म्हणायचे. त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. मशीन काढून ठेवायच्या तरी वास यायचाच.

एकीकडे मला त्यांचं म्हणणं कळत होतं. दिवसभर नात शाळेत, मी ऑफिसात, आणि या गावात गाडी नसलेलं माणूस म्हणजे कोंडलेलं माणूस. दुकानं लांब, बस केव्हा येईल ते बसलाच ठाऊक. स्टॅनमोरला त्यांची एक शाळेतली मैत्रीण मुलाकडे राहायला आली होती, तिच्याकडेही आम्ही नवरा येईपर्यंत जाऊ शकत नव्हतो. आमची गाडी दारात उभी होती आणि तिच्यावर चिमण्या बसत होत्या.

गावात चालायला लाल रंगाच्या वेगळ्या वाटा आहेत, मोटारींपासून दूर. शाळा सुटल्यावर सासूबाई नातीला घेऊन त्या वाटेने फिरायला जायच्या. वाटेत एका हिरवळीवर काँक्रीटच्या गाई आहेत, पांढऱ्या-काळ्या, वासरांसकट. कुणा कलावंताने केव्हातरी केलेल्या आणि आता गावाची ओळख होऊन बसलेल्या. सासूबाईंना त्या बघून आधी वाईट वाटलं. एवढं गवत समोर आणि खाता येत नाही, म्हणाल्या. पण मग रोजच जायला लागल्या.

चौथी टेस्ट मे महिन्यात होती. मला शिकवणारा माणूस पेपरमिंट चघळत 'रिलॅक्स, माय लव्ह' म्हणायचा आणि त्याने मी जास्तच ताठ व्हायचे. सगळं छान चाललं होतं. उलटी गाडी घेतली, कडेला लावली, अचानक ब्रेक दाबला. मग मोठ्या दुकानांजवळचा राउंडअबाउट आला आणि मी चुकीच्या लेनमधून आत शिरले. डावीकडून एक बस भोंगा वाजवत आली आणि परीक्षकाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला. त्याने ब्रेक दाबला की परीक्षा तिथेच संपते.

घरी आले तेव्हा सासूबाई वरणाला फोडणी देत होत्या. मी तडक चहा टाकला, कपात ओतला आणि त्यांच्यापुढे आदळला.

"घ्या. पावला तुमचा बैल. नापास झाले. आता प्या पोटभर."

त्या दिवशी नेमकं मशीन कानात होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा म्हणावं लागलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"तू ऐकलंस?"

"आई, अख्ख्या जपानने ऐकलं."

मग मी आणखी बरंच बोलले. माझ्या नोकरीला तुम्ही काय समजता, मी काय हौस म्हणून राबते का, आणि नात हवी म्हणून सुनेचं वाटोळं मागायचं ही कुठली रीत. त्या गॅस बारीक करून वरण ढवळत राहिल्या. ते मला अजून झोंबलं. मी बाथरूममध्ये गेले, नळ पूर्ण सोडला आणि मनसोक्त रडले. चौथ्यांदा नापास झाल्याचं दुःख होतंच. पण घरातलंच कुणीतरी दुसऱ्या बाजूने दोरी ओढतंय, हे जास्त लागलं होतं.

बाहेर आले तेव्हा कप तसाच होता. वर जाड साय धरलेली. सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या पोळ्या लाटत होत्या.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला कळेना. काम तर झालं होतं, नवस फिटला होता. मग वाटलं, बाई पक्की आहे. परीक्षा अजून एकदा देता येते हे तिला ठाऊक आहे, विमानाची तिकिटं हातात पडेपर्यंत चहा घेणार नाही. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागले. मीठ कुठे आहे, दार लावा, एवढंच.

जूनअखेर नवरा आला आणि संध्याकाळी मला सरावाला नेऊ लागला. एका हाताने दारावरची कडी घट्ट धरून तो 'छान चाललंय' म्हणायचा. सासूबाईही मागच्या सीटवर नातीबरोबर येऊन बसायला लागल्या. मशीन कानात, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. माझ्या नापास होण्याचा जप माझ्याच गाडीत चालू आहे, असं वाटून मी चिडायचे, आणि चिडले की माझं ड्रायव्हिंग सुधारतं हे मला तेव्हाच कळलं. पेपरमिंटवाल्याला ते आधी कळलं असतं तर किती वेळ वाचला असता!

पाचवी टेस्ट ऑगस्टमध्ये होती. यानंतर पुन्हा तारीख मिळायला मुदत उरली नव्हती. परीक्षक तोच निघाला, टोपणवाला. त्याने मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मी राउंडअबाउटमध्ये शिरले आणि बाहेर पडले. पुन्हा शिरले, पुन्हा बाहेर पडले. शेवटी गाडी थांबवल्यावर त्याने सायकलवाल्यांना तुम्ही आज पुरेशी जागा दिलीत असं म्हणून माझं अभिनंदन केलं. मला त्याची पापी घ्यावीशी वाटली.

घरी दार सासूबाईंनीच उघडलं. नवरा ऑफिसात होता आणि लेक शेजारी खेळायला गेलेली.

"पास," मी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा कसा पडतो ते बघायला तयार राहिले.

त्या तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या. मोठा श्वास सोडला. "चहा टाक," म्हणाल्या. "आलं घाल. आणि दूध जास्त."

"म्हणजे काय? नवस तर माझ्या नापास होण्याचा होता."

"तो मे महिन्यातच फिरवला."

"जपानला कधी जाऊन आलात?"

"जपान कशाला? त्या गाईंच्या कानात सांगितलं. मागचा अर्ज रद्द, सुनेला पास करा, चहा तसाच बंद. गाय काय, बैल काय, निरोप पोचवतातच आपसात."

मी चहाचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग लेक मध्यंतरी जे सांगत होती ते आठवलं, आजी काँक्रीटच्या काऊला काहीतरी सिक्रेट सांगते आणि सगळ्यांना ऐकू येतं. मी लक्ष दिलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचं गवताशी काहीतरी चाललं असेल, म्हटलं होतं.

"का फिरवलात?"

"नळ सोडून रडलीस. मशीन लावलं की मला नळाच्या आतलंही ऐकू येतं." त्या पायरीवरचे सुटे धागे वेचत होत्या. "मी मागितलं ते मिळालं. पण ते असं रडतं हे मला माहीत नव्हतं. तू दिलेला चहा घशाखाली उतरेना. मग म्हटलं, उतरतच नाहीये तर निदान तुझ्या कामी येऊ दे."

"आणि नात?"

त्यांनी वेचलेले धागे मुठीत घेतले. "नात सुट्टीत येईल," म्हणाल्या. "येईल ना?"

मी जिंकले होते. नोकरी राहिली, परमिट राहिलं, आम्ही राहिलो. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. पण मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि इतकं भांडून झाल्यावर त्या एवढ्या चांगल्या निघाल्या याचा थोडा रागही आला. मी चहात आलं इतकं घातलं की दोघींना ठसका लागला.

राहिलेल्या आठवड्यांत मी त्यांना स्टॅनमोरच्या मैत्रिणीकडे नेलं, दोनदा. दोघी मैत्रिणींनी मशिनं काढून गुपितं सांगितली आणि मी किचनमध्ये बसून सगळी ऐकली. त्यातली एकही इथे लिहिण्यासारखी नाही.

सप्टेंबरमध्ये त्या निघाल्या. विमानतळावर मी सोडतो, असं नवरा म्हणाला. "नाही, ही सोडेल," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. मी त्याआधी मोटरवेवर कधी गेले नव्हते. माझे तळहात घामाने निसटत होते, बाजूने ट्रक जात होते. त्या पर्स मांडीवर धरून सरळ समोर बघत होत्या आणि डोळे उघडे होते. हीथ्रोचा शेवटचा राउंडअबाउट पार पडल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "तिसरा एक्झिट होता, बरोबर घेतलास." म्हणजे सरावाच्या वेळी त्या मागे बसून एक्झिट मोजत होत्या.

दारापाशी गाडी थांबवली. नवरा आणि लेक बॅगा उतरवून ट्रॉली आणायला गेले. मी सीटवरच होते, काच खाली केलेली. सासूबाई उतरल्या. कानातलं मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये ठेवलं. मग त्यांनी त्या गर्दीत, मागून टॅक्स्या भोंगे वाजवत असताना, आमच्या गाडीला सावकाश एक प्रदक्षिणा घातली. पुढे येऊन डाव्या बाजूच्या आरशापाशी वाकल्या आणि हाताचा आडोसा केला.

"हिला नीट घरी पोचव. चिडकी आहे, पण मनाने चांगली आहे. घाई करते, तेव्हा गोलात जरा सांभाळून घे. ही धड पोचल्याचं कळेपर्यंत मी साखर सोडली."

सगळ्या रांगेने ऐकलं. पिवळं जाकीट घातलेला माणूस येऊन म्हणाला, "लेडीज, इथे थांबता येणार नाही." सासूबाईंनी त्यालाही नमस्कार केला.

मी घरी पोचले. डोळे पुसत गाडी चालवू नये, हे इथल्या ड्रायव्हिंगच्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं. एका राउंडअबाउटला एक्झिट दिसला नाही म्हणून पुन्हा एक फेरी मारली. नवरा शेजारी दारावरची कडी धरून 'छान चाललंय' म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मुंबईच्या विमानतळावरूनच होता. मागे घोषणा, कुणाच्या तरी बॅगांचा गोंधळ, आणि त्यांचा तो ठणठणीत आवाज. प्रवास कसा झाला हे त्यांनी सांगितलं नाही, नातीचंही विचारलं नाही.

"पोचलीस ना नीट?"

"पोचले आई."

"बरं झालं. इथे हा मुलगा मघापासून चहा घेऊन उभा आहे. घालू का साखर?"

"घाला," मी म्हणाले. "दोन चमचे घाला."